गच्चीचं पाणी

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. मामांच्या तऱ्हा मी कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितल्या आहेत. लग्नाच्या मांडवात, निवृत्त मंडळींच्या सकाळच्या बैठकीत, एकदा तर दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. लोक हसायचे. मग कोणीतरी विचारायचं, "पुढं काय झालं त्यांचं?" मी सांगायचो, "वाटूरला बदली झाली," आणि दुसरं काहीतरी काढायचो.

मागच्या वर्षी आमच्या जुन्या कंपनीनं मला बोलावून शाल आणि नारळ दिला. कार्यालयात आता प्लास्टिकच्या बाटल्या बंद झाल्या आहेत. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवतात, गाळतात आणि तेच सगळे पितात. ही योजना सर्वांत आधी राबवणारे अधिकारी म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, शाल घेतली, फोटो काढू दिला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "मामांचं नाव नाही घेतलं कोणी?" मी म्हणालो, "सगळे नवे लोक आहेत, त्यांना काय माहीत." मला तर माहीत होतं.

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ, त्यातलीच आमची एक. कार्यालय गावाबाहेर, मागे गोदाम, बाजूला छोटी प्रयोगशाळा. मी प्रशासन अधिकारी होतो. म्हणजे खुर्च्या, गाड्या, पहारेकरी, चहा आणि पाणी या सगळ्याचा धनी. मामा, म्हणजे सगळं कार्यालय ज्यांना मामा म्हणायचं ते, प्रयोगशाळेत सहायक होते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि शंभरातलं किती उगवलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. पाण्याचं काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. ते त्यांनी घेतलं होतं.

उंच, किडकिडीत माणूस. मूळचे परतूरचे. चालताना जरा पुढे वाकलेले, जणू जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि ते शोधताहेत. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात फिरकीचा तांब्या. आमच्या गाडीतून पुण्याला आले तरी हा तांब्या सोबत. वाटेत हॉटेलात वेटरनं बाटली आणून ठेवली की ते ती हातानं बाजूला सारून म्हणायचे, "हिला घेऊन जाय बाबा, आम्ही घरून आणलंय." वेटर ती बाटली नेईपर्यंत ते जेवायला सुरुवात करत नसत.

कोणालाही ते अर्धाच पेला पाणी द्यायचे. पाहुणा असो, मोठे साहेब असोत. एकदा विक्री विभागाचा एक जण वैतागून म्हणाला, "मामा, पेला पूर्ण भरायला हात दुखतो का?"

"हात न्हाई दुखत. तू अर्धा टाकून जातो ते पाहून डोळे दुखतात. पी आधी, मंग पुन्हा माग. मी काय पळून चाललो का?"

तो दुसऱ्यांदा मागायचा नाही. कोणीच सहसा मागत नसे. हे मामा मला डोळे बारीक करून दाखवायचे. "पाह्यलं ना साहेब? तहान एवढीच असती."

बैठकीच्या खोलीत मात्र तेव्हा बाटल्या असायच्या. लहान, हातभर अंतरावर एकेक मांडलेल्या. ती मांडणी माझीच. बैठक संपली की मामा आत शिरायचे. कोण कुठं बसलं होतं हे त्यांनी बाहेरून काचेतून पाहून ठेवलेलं असे. प्रत्येक अर्ध्या बाटलीवर ते कागदाची पट्टी चिकटवायचे, नाव लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याची बाटली त्याच्या टेबलावर. "हे तुमचं कालचं राह्यलेलं."

हिशेब विभागातल्या मॅडम एकदा म्हणाल्या, "मामा, ही माझी नाहीच. मी तर दोनच घोट प्यायले होते."

"मंग बराबर हाय की. दोनच घोट कमी हायेत."

पलीकडून कोणीतरी ओरडलं, "मामा, पुढच्या वेळी दातांचे ठसे बी घेत जा!"

महिनाभरात लोक बाटलीला हात लावायला घाबरू लागले. मग मीच बाटल्या बंद केल्या आणि स्टीलचे पेले आणले. शाल मिळाली त्या योजनेचा हा आरंभ. आरंभ कोणी केला ते यावरून कळेल.

एकदा पाणी शुद्ध करणारं मोठं यंत्र घेऊन एक विक्रेता आला होता. टाय बांधलेला, बोलायला चुणचुणीत. यंत्रातून स्वच्छ पाण्याची बारीक धार घागरीत पडत होती आणि मागच्या नळीतून उरलेलं पाणी बेसिनमध्ये. मामांनी काही न बोलता त्या नळीखाली बादली नेऊन ठेवली. विक्रेता बोलत राहिला. बोलणं संपेपर्यंत घागर अर्धी झाली होती आणि बादली भरून वाहायला लागली होती.

मामा म्हणाले, "हे कोणाला पाजायचं?"

"काका, ते वेस्ट आहे. ते सोडून द्यायचं."

"आमच्याकडं आठ-दहा दिवसाला नळ येतो बेटा. आमच्याकडं सोडून द्यायचं पाणी नसतं."

मोठ्या साहेबांनाही हसू आलं. त्या दिवसाच्या जोरावर मामांनी टाकी मंजूर करून घेतली. जमिनीखाली सिमेंटची, झाकणाला कुलूप. पाणी कार्यालयाच्या गच्चीवरून यायचं. गोदामाचं छप्पर चौपट मोठं होतं, ते घ्या असं मी सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही आठवतं. "साहेब, गोदामात बियाण्याला औषध लावतात. त्याची धूळ पत्र्यावर बसती. तुम्ही लेकरांना पाजाल का ते?" गच्ची ते स्वतः झाडायचे. टाकीतून पाणी उपसलं की ते एका पिंपातून जायचं, त्यात खडी, वाळू आणि कोळसा भरलेला. तिथून मातीच्या रांजणात. दर सोमवारी ते त्या पाण्याची तपासणी करायचे. तपासणीचं औषध घातलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ती प्रयोगशाळेच्या उबदार खिडकीत ठेवायची. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. त्यांच्या बाटल्या कधी काळ्या पडल्या नाहीत.

टाकीत किती पाणी आहे ते पाहायला बांबूची काठी होती, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा. रोज सकाळी काठी बुडवायची आणि रांजणाजवळच्या पाटीवर खडूनं लिहायचं, 'आज काठी नऊ', 'आज काठी साडेआठ'. गावात सोन्याचा भाव विचारतात तसे आमचे लोक येता-जाता पाटी वाचायचे.

आणि त्यांची जीभ. पोरांनी एकदा त्यांची परीक्षा घेतली. चार पेले समोर ठेवले. मामांनी डोळे मिटून एकेक घोट घेतला. "हे जारचं. हे नगरपालिकेचं, पण कालचं न्हाई, चार-पाच दिवस घरात ठेवलेलं. हे आपलं, गच्चीचं." चौथा पेला त्यांनी तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला. "हे बी आपलंच हाय. पण ज्यानं भरलं त्यानं साबणाचा हात धुतला न्हाई." सगळ्यांनी त्या पोराकडे पाहिलं. तो खरोखरच नुकताच डबा धुऊन आला होता.

इथपर्यंतच्या गोष्टी मी नेहमी सांगतो. पुढची आता सांगतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाहेरून काही पाहुणे येणार होते. मोठे खरेदीदार. आमचं कार्यालय वर्षभर पावसाचं पाणी पितं, हे मोठ्या साहेबांनी त्यांना कळवलं होतं आणि टाकी दाखवायचं ठरलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात मामांच्या भाचीचं केदारखेड्याला लग्न होतं. चार दिवसांची रजा. जाताना त्यांनी टाकीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. एरवी ती त्यांच्या घरी असायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"काठी सात हाय साहेब. पाऊस येईपर्यंत बराबर पुरतं. फक्त प्यायला. दुसऱ्या कशाला एक थेंब बी न्हाई."

"मामा, मी काय लहान आहे का?"

"न्हाई, तुम्ही हाय म्हणून तर जाऊन राह्यलो."

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी मी अंगणात उभा राहिलो आणि पाहिलं तर हिरवळ पिवळी पडलेली. बोअर आटला होता. पाण्याची बचत पाहायला येणारे लोक आणि दारात वाळलेलं गवत, हे मला बरं दिसेना. थोडंसंच, म्हणून मी स्वतःच टाकीच्या मोटारीला पाइप लावला. मग फोन आला, मग खुर्च्या आल्या, मग मोठ्या साहेबांनी बोलावलं. दुपारी बाहेर आलो तेव्हा मोटार कोरडी घरघरत होती.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मोठे साहेब रागावले असते. मामा दोन दिवस बोलले नसते. एवढंच. पण मला त्या वेळी सगळ्यात मोठं वाटलं ते हे, की मामा येऊन काठी बुडवतील आणि माझ्याकडे पाहतील. मी टँकर मागवला. शहरभर टंचाई होती, जो मिळाला तो मिळाला. चालकानं पाइप सोडण्याआधी मला स्पष्ट सांगितलं, "साहेब, हे प्यायचं न्हाई बरं का. बांधकामाचं हाय, उघड्या विहिरीचं."

मी म्हणालो, "हो, हो. बागेलाच हवंय."

आणि त्याला चहा घ्यायला पाठवून मी स्वतः पाइप टाकीत सोडला. गाळणीतून जाणारच आहे, अशी मनाची समजूत घातली. मधेमधे काठी बुडवून पाहत होतो. सात खाचा भरू दिल्या नाहीत. रोजचा खप धरून काठी साडेसहावर आल्यावर पाणी बंद केलं. माझ्या नोकरीत इतकं काटेकोर काम मी दुसरं केलं नसेल.

पाहुण्यांनी टाकी पाहिली, हिरवळ पाहिली, फोटो काढले. मोठे साहेब खूश झाले.

मामा परतले त्या सकाळी मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी काठी बुडवली, पाटीवर 'आज काठी सहा' लिहिलं. मग रांजणातलं पाणी घेतलं, एक घोट प्यायले आणि तसेच उभे राहिले. दुसरा घोट घेतला. मग रांजणावर झाकण ठेवून त्यावर वीट ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, "आज कोणी पिऊ नका." पण त्याआधी दोन दिवस लोक तेच पाणी पीत होते. त्या दुपारपासून एकेक जण उलट्या-जुलाबांनी घरी जाऊ लागला. सात-आठ जण पडले. स्वागतकक्षातल्या मुलीला तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावी लागली. नवीन लागलेली, अंगानं बारीक पोर. मामा रोज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन तिच्या आईशेजारी बसायचे.

तीन दिवसांनी मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. मामा हातात तपासणीची छोटी बाटली घेऊन आले. आतलं पाणी शाईसारखं काळं झालेलं. त्यांना कोणी आणायला सांगितली नव्हती. त्यांनीच ती टेबलावर ठेवली.

"काळी पडली साहेब. पाणी खराब हाय."

"म्हणजे तुमच्याच टाकीचं पाणी खराब आहे, हे तुम्हीच सांगताय."

"टाकीत हाय ते खराब हाय. पण हे गच्चीचं न्हाई साहेब. हे दुसरंच पाणी हाय. जड लागतं."

"टाकीत पाणी कमी-जास्त झालंय का?"

"न्हाई. काठी बराबर हाय."

"कुलूप?"

"बराबर हाय."

"मग दुसरं पाणी आलं कुठून? तुमची जीभ सांगते म्हणून?" मोठे साहेब कंटाळून हसले. "जिभेचं राहू द्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी किल्ली माझ्याकडे होती, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. साहेब काहीतरी बोलतील, आपली बाजू घेतील, एवढीच वाट होती तिच्यात. मोठे साहेबही माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "टाकीची जबाबदारी मामांचीच होती."

वाक्य खरं होतं. त्यात एकही खोटा शब्द नव्हता.

मामांनी काळी बाटली उचलली आणि जरा वेळ हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "मंग माझंच काहीतरी चुकलं असंल."

टाकी बंद झाली, जार आले. मामांची वाटूरच्या केंद्रावर बदली झाली. कागदावर ती सोयीची बदली होती, वाटूर परतूरहून जवळ पडतं म्हणून. तो कागद मीच तयार केला. तिथं प्रयोगशाळा नव्हती, पोती उतरवून घ्यायचं काम होतं. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला.

शाल मिळाल्यावर पंधरा दिवसांनी मी रेल्वेनं परतूरला गेलो. घर विचारत विचारत पोहोचलो. मामा ओट्यावर बसले होते. आणखी वाकले होते, पण ओळखलं लगेच.

"साहेब! एवढ्या उन्हात कामून आलात? फोन करायचा, मी आलो असतो ना जालन्याला." मग आत आवाज, "अगं, साहेब आलेत! जल्दी चहा टाक!"

वहिनींनी पाणी आणलं. पेला काठोकाठ भरलेला होता. मी घोट घेतला आणि कोपऱ्यात पाहिलं. तिथं निळा जार होता, वीस लिटरचा. माझी नजर त्यांनी पाहिली.

"आता जारच घेतो साहेब. जिभेचा भरवसा न्हाई राह्यला. याच्यावर निदान शिक्का तरी असतो." ते हसले. "लै मिजास होती मला जिभेची. त्या वेळी लग्नाच्या घाईत वाळू धुवायची राह्यली असंल. आन् मी भरल्या बैठकीत म्हणून राह्यलो, हे आपलं पाणीच न्हाई! तुम्हाला खाली मान घालावी लागली माझ्यामुळं."

"नाही मामा, तसं नाही..."

"ती सलाइनवाली पोरगी कशी हाय?"

"छान आहे. लग्न झालं, दोन मुलं आहेत."

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "लै चांगलं झालं." मग उठून आतून वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. शालीसह माझा फोटो. "टाकी चालू झाली ना? वाचून लै बरं वाटलं. गच्ची कोण झाडतं आता?"

मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "विचारा एकदा."

चहा झाला, जेवण झालं. वहिनींनी आग्रहानं भाकरी वाढली. प्रत्येक वेळी वहिनी आत गेल्या की आता बोलू, असं ठरवायचो, आणि मामा दुसरं काहीतरी विचारायचे. स्टेशनवर ते पोहोचवायला आले. नको म्हटलं तरी आले. फलाटावर बाकावर बसलो. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "काही सांगायचं होतं का साहेब? असं वाटून राह्यलं मला."

मी म्हणालो, "नाही हो. सहज आलो होतो. तब्येतीला जपा."

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. मी दहाव्याला गेलो. वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या, मला पाहून उठून बाहेर आल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तुम्ही आल्ते ना घरी, त्याचं लै दिवस बोलायचे. म्हणायचे, साहेब एवढ्या लांब आले, माझ्या घरी जेवले, म्हणजे त्यांनी मला माफ केलं."

मी हात जोडले आणि तिथंही काही बोललो नाही.

मामा, टँकर मी मागवला होता. वाळूत काही चुकलं नव्हतं, तुमच्या जिभेत तर नव्हतंच. मला माफ करा.